अण्णांच्या ट्रंकेत सापडलेलं निधनाचं कात्रण: कुणाला काही अंदाज लागतोय का?

रविवार_कारंजा | शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

अण्णा (वडील) जाऊन दोन वर्षं झाली. पक्ष जवळ आला म्हणून त्यांचा एखादा बरा फोटो मिळतो का बघायला माळ्यावरची ट्रंक काढली. ही ट्रंक आमच्या जुन्या वाड्यातली, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात होता वाडा, ६९ च्या पुरात खालचं सगळं गेलं पण ट्रंक तेव्हाही माळ्यावरच होती म्हणून वाचली. आत अण्णांचे प्रेसचे कागद (नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेसमधे होते), आजीची नथ ठेवायची रिकामी डबी, आणि एक जुनं पंचांग. पंचांगात घडी करून ठेवलेलं पेपरचं कात्रण.

कात्रण तळहाताएवढं. पेपरचं नाव, तारीख काही नाही. मजकूर असा (नावं मुद्दाम देत नाही, त्या घरचं कुणी हयात असेल):

"आमच्या मातोश्री गं. भा. ... यांस माघ वद्य ५ शके १८८९ रोजी अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली. गंधमुक्तीचा कार्यक्रम राहते घरी मु. पो. ..." इथे उजवी कड फाटलीये, गावाचं नाव गेलं. खालच्या ओळीत फक्त "ता. चा" एवढं उरलंय. मग शोकाकुल म्हणून दोन मुलांची नावं. आडनाव आमच्या नात्यागोत्यात कुठेच नाही.

आणि समासात निळ्या शाईनं, अण्णांच्या अक्षरात, एकच शब्द. "आत्या."

अण्णांना आत्या होती हेच आम्हाला माहीत नाही. आजोबा एकटेच, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आईला विचारलं तर म्हणाली मला नाही बाई काही ठाऊक, मी या घरात ७० साली आले.

मी माझ्या बुद्धीनं १८८९ मधे ७८ मिळवले, १९६७ आले, माघ म्हणजे फेब्रुवारी. दोन शनिवार वाचनालयात बसून फेब्रुवारी ६७ आणि अर्धा मार्च चाळला. काही नाही. कात्रणाच्या मागच्या बाजूला कसलीतरी देणग्यांची यादी आहे, रु. ५, रु. ११ वगैरे, वर "...पग्रस्तांसाठी" एवढंच दिसतं, आणि सिनेमाच्या जाहिरातीचा कोपरा. त्याचा काही उपयोग नाही.

आता पुढे काय करावं?


टवाळ_टोळभैरव | शनिवार, रात्री ११:४०

लोक जिवंत नातेवाईक टाळायला फोन सायलेंटवर टाकतात आणि तुम्ही गेलेले शोधताय. हलके घ्या.


बांधीव_फाइल | रविवार, सकाळी ७:०५

धागाकर्ते, तुमचा घोळ पहिल्याच पायरीवर झालाय. शक संवत्सर गुढीपाडव्याला बदलतं, एक जानेवारीला नाही. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी लागला की फाल्गुन अमावस्येपर्यंत ७९. माघ कायम ७९ मधेच येणार. म्हणजे तुमचा माघ वद्य ५ शके १८८९ हा फेब्रुवारी १९६८. तुम्ही बरोबर एक वर्ष आधीची फाइल चाळत बसलात.

आणि ज्याचा काही उपयोग नाही म्हणताय ना, तीच मागची बाजू नीट बघा. "...पग्रस्तांसाठी" म्हणजे भूकंपग्रस्तांसाठी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्यानंतर गावोगावच्या पेपरांतून मदतनिधीच्या याद्या छापून यायच्या. फेब्रुवारी ६७ च्या पेपरात कोयनेचा निधी कसा असेल? कात्रण हातात आलं की पहिल्यांदा उलटं करून बघायचं, पुढच्या बाजूला माणूस असतो, मागच्या बाजूला तारीख.

कात्रणाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. न्यूजप्रिंट स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडून तुटतो, लॅमिनेशननं ते थांबत नाही, वर कागद पुन्हा सोडवता येत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि साध्या कोऱ्या कागदाच्या घडीत सपाट ठेवून द्या.


रविवार_कारंजा | रविवार, सकाळी ८:२०

बांधीव_फाइल, साष्टांग नमस्कार. भिंग लावून बघितलं, "पग्रस्तांसाठी"च्या आधी "कं" चा अनुस्वार दिसतो. दोन शनिवार फुकट. घरचे हसतायत.

ही फाइल बघायला आधी एका दुसऱ्या ठिकाणी गेलो होतो, तिथे म्हणाले सत्तरच्या आधीचं सगळं वाळवी लागली म्हणून रद्दीत दिलं. सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही नाही. जाऊ दे. दुसरीकडे आहे हेच नशीब.


खानदेशी_ठेचा | रविवार, सकाळी ९:३३

"गंधमुक्ती" वाचलं आणि थांबलो. हा शब्द आमच्याकडचा हो. पुण्यामुंबईच्या जाहिरातीत दशक्रिया, तेरावा, उत्तरकार्य असं काहीबाही असेल पण गंधमुक्ती दिसणार नाही. खानदेश आणि तुमच्या नाशिक जिल्ह्याचा आमच्याकडे कललेला भाग, इथेच. आणि "ता. चा" म्हणजे तालुका चाळीसगाव, दुसरं काय असणार. चांदवड असतं तर "चां" वर टिंब असतं, फोटो टाका, टिंब आहे का बघू.


रविवार_कारंजा | रविवार, सकाळी ९:५०

टिंब नाही. तिथे कागद शाबूत आहे, टिंब असतं तर दिसलं असतं.


जुना_खिळेजुळारी | रविवार, दुपारी १:१५

मी नाशिकात छापखान्यात कंपोझिंग केलंय, ऑफसेट यायच्या आधी, एकेक खिळा (म्हणजे अक्षराचा ठसा) हातानं उचलायचा काळ. म्हणून दोन गोष्टी सांगतो, तुम्हाला फाइल चाळताना कामाला येतील.

एक म्हणजे टिंबावर फार भिस्त ठेवू नका. अनुस्वाराचा खिळा झिजलेला असला की उठायचाच नाही. घ चा ध आणि भ चा म तर रोजचं. केसमधे एखादं जोडाक्षर संपलं की जवळचं दिसेल ते लावून पुढे जायचं, रात्री दीड वाजता मुद्रितशोधक पण डुलक्या घेत असायचा. एकदा एका भल्या माणसाच्या निधनाच्या जाहिरातीत "कै." च्या जागी "चि." बसलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे चिरंजीव दारात. म्हणून आडनाव शोधताना डोळ्यांनी तंतोतंत तेच शोधू नका, त्याच्यासारखं दिसणारं सगळं थांबून वाचा.

दुसरं, निधनवार्ता दोन जातीच्या. पैसे देऊन दिलेली जाहिरात, तिला चौकट असते, ती सांगितलेल्या दिवशी लागते. आणि फुकटची बातमी, "अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे" ही. ही बातमी म्हणजे आमच्यासाठी भरणा. कॉलम दोन बोटं रिकामा राहिला की गॅलीत ठेवलेली निधनवार्ता काढून बसवायची. रिकामा राहिला नाही तर उद्या, नाहीतर परवा. तालुक्याच्या वार्ताहराचं पाकीट एसटीनं यायचं त्यात आणखी दोन दिवस. त्यामुळे मृत्यूच्या तारखेपासून निदान पंधरा दिवस चाळा. आणि बातमीत "काल निधन झाले" लिहिलं असेल तर तो काल छापण्याच्या आदला दिवस धरू नका, तो वार्ताहरानं लिहिलं त्या दिवसाच्या आदला.

तुमच्याकडे गंधमुक्तीचा उल्लेख आहे, आमंत्रणच आहे ते, म्हणजे चौकटीची जाहिरात. ती कार्यक्रमाच्या आधीच लागलेली असणार. सोपं काम आहे.


निफाडची_लेक | रविवार, दुपारी ३:४०

खिळेजुळारी काका, मस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

माझा अनुभव सांगते, तिथीच्या भरवशावर राहिलेल्यांसाठी. माझ्या पणजीचं श्राद्ध आमच्याकडे पक्षात नवमीला असतं. मी म्हटलं चला तिथी तर मिळाली, मग बारा महिन्यांच्या बारा शुद्ध आणि बारा वद्य नवम्या काढून बसले, एकेका नवमीनंतरचे अंक चाळले, चार महिने गेले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, अगं ती अहेव गेली ना, मग ती अविधवा नवमी, कुठल्याही तिथीला गेली तरी सवाष्णीचं नवमीलाच करतात. डोक्याला हात लावला. पक्षातल्या तिथीवरून महिना कळत नाहीच, सवाष्णीच्या बाबतीत तिथीही कळत नाही. खरी तिथी वर्षश्राद्धाची.

पण यातूनच दुसरं एक हाती लागलं. आजोबांच्या एका चुलतभावाचं चतुर्दशीला करतात. का ते कुणी सांगत नव्हतं. चतुर्दशी म्हणजे घातचतुर्दशी, अपघातानं किंवा शस्त्रानं गेलेल्यांची. मग मी निधनवार्ता सोडल्या आणि तालुक्याच्या बातम्या वाचायला लागले, तर मिळालं, विहिरीला सुरुंग लावताना गेले होते. तीन ओळींची बातमी. नाव पण चुकीचं छापलेलं, पण गाव आणि विहिरीच्या मालकाचं नाव बरोबर.

आणि पणजी? तिची निधनवार्ता नाहीच मिळाली. पुढच्या वर्षीची "प्रथम पुण्यस्मरण" मिळाली, फोटोसकट. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत नावं जास्त असतात, तोवर भांडणं मिटलेली असतात (किंवा सुरू झालेली असतात, मग दोन वेगवेगळ्या जाहिराती).


देवळाली_गाव | रविवार, संध्याकाळी ६:०२

सगळं छान चाललंय पण एक बोलतो, राग मानू नका. पेपरात निधनाची जाहिरात यायला घरात पेपर यावा लागतो आणि खिशात पैसे. माझे आजोबा तोफखान्यात खलाशी होते, ते गेले तेव्हा आमच्या वस्तीत पेपर वाचणारेच तीन जण. आमच्यासारख्यांनी कुठल्या फाइली चाळायच्या? कुलवृत्तांत छापणारे वेगळे, त्यांच्या पिढ्या पुठ्ठ्यात बांधलेल्या असतात.


मोडी_वाचक | रविवार, रात्री ८:१७

देवळाली_गाव यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि कुलवृत्तांतात सुद्धा बऱ्याच ठिकाणी मुली गळालेल्या असतात, लेक सासरी गेली की शाखा बंद.

पण तुमच्यासाठी वाट आहे. गाव नमुना १४, म्हणजे जुनं कोतवाल बुक. जन्ममृत्यूची नोंद गावचा कोतवाल, पोलीस पाटील ठेवायचे, त्याला जाहिरातीचे पैसे लागत नव्हते. प्लेगात, १९१८ च्या इन्फ्लुएंझात गेलेल्यांच्या सुद्धा नोंदी त्यात आहेत, मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं, बरेचदा नुसतं "ताप". ही पुस्तकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे. २०२३ ला कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की असलं काही असतं. मला त्या काळात दिवसाला तीस-चाळीस फोन यायचे, मोडी वाचून द्या म्हणून. एकानं तर व्हॉट्सॅपवर पाठवलेला फोटो उलटा होता आणि म्हणे काय लिहिलंय. शाळेचं जनरल रजिस्टर पण बघा, आजोबा एक इयत्ता जरी शिकले असतील तर त्यात त्यांच्या वडलांचं नाव आणि जन्मगाव असतं.

आता धागाकर्त्यांकडे. तुम्ही नाशिकचे असून गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) अजून गेला नाहीत याचं आश्चर्य वाटलं. खानदेशातली माणसं अस्थी घेऊन कुठे येतात? रामकुंडावरच. आणि आली की क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, नामावळीत नोंद. पण नोंद सासरच्या आडनावाखाली आणि मूळ गावाखाली असेल, उपाध्ये गावावारीनं वाटलेले असतात. नुसतं "ता. चाळीसगाव" सांगून चालायचं नाही, गाव लागेल. म्हणजे आधी पेपर, मग गंगा.


वकिलीणबाई | रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांनी निधनवार्ताच पकडल्या. पेपरातली "जाहीर नोटीस" कुणी वाचत नाही. "तमाम लोकांना कळविण्यात येते की" असं सुरू झालं की लोक पान उलटतात. खरं घबाड तिथं असतं. माणूस गेला की वर्ष-दोन वर्षांत त्याच्या जमिनीचा किंवा घराचा व्यवहार निघतो, मग वकील नोटीस देतो, त्यात गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, आणि सगळे वारस, लग्न झालेल्या मुलींसकट, दोन्हीकडच्या नावांनी. शोकाकुल मधे जिचं नाव घातलेलं नसतं ती नोटिशीत असते कारण तिची सही लागते :)

कोर्टातून वारस दाखला काढला असेल तर त्याचीही पेपरात नोटीस निघते. आपल्याकडे हे काम अजून १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशनखाली चालतं, म्हणजे दोनशे वर्षांचा माल आहे. शेती असेल तर गावचा फेरफार बघा, नमुना ६, आणि वारसांची वेगळी वही ६-क. जुने फेरफार स्कॅन करून सरकारी अभिलेख पोर्टलवर टाकलेत, नाशिक जिल्हा त्यात आहे. जळगावचं तिथे आहे का ते आधी बघा, नसेल तर तहसीलला जावं लागेल.


देवळाली_गाव | रविवार, रात्री १०:११

मोडी_वाचक, धन्स. कोतवाल बुकाचं माहीतच नव्हतं. उद्याच अर्धा दिवस रजा टाकतो.


टवाळ_टोळभैरव | रविवार, रात्री १०:१५

चेष्टा मागे घेतो. धागा भारी चाललाय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


रविवार_कारंजा | पुढचा शनिवार, संध्याकाळी ७:२५

मंडळी, सापडलं!!

आज सकाळी दहाला वाचनालयात जाऊन बसलो, फेब्रुवारी ६८ ची बांधीव फाइल काढून घेतली. सकाळ, लोकमतच्या नाशिक आवृत्त्या फार नंतरच्या, त्यामुळे त्या काळात बघण्यासारखे पेपर तसे थोडेच. कडा हात लावला की बिस्किटासारख्या तुटतात, पान दोन हातांनी उचलून उलटायचं. बांधणी इतकी घट्ट की आतला कॉलम वाकून वाचावा लागतो. तिथल्या ताई दोनदा येऊन बघून गेल्या हा माणूस फाडतोय की काय. १८ तारखेपासून सुरुवात केली. खिळेजुळारी काकांनी सांगितलं म्हणून सगळ्या चौकटी वाचत होतो. वाचता वाचता भान राहिलं नाही, कुणाचा दहावा कुठे, कोण बाळंतपणात गेली, एका पानावर एकाच घरातले बापलेक. एक वाजता पाठ धरली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका अंकात, तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात. वरच्या बाजूला अंकाची तारीख, आणि पान उलटलं तर मागे कोयना भूकंपग्रस्तांसाठी निधी, तीच यादी, रु. ५, रु. ११. माझ्या कात्रणाच्या जागी इथे अख्खा कागद. गावाचं नाव मिळालं. चाळीसगावच तालुका, खानदेशी_ठेचा तुम्हाला माझ्याकडून एक मिसळ.

एक खटकलं ते लिहितो. जाहिरातीत सून, नातवंडं सगळी आहेत, माहेरचं कुणीही नाही. "भाऊ नाशिक" एवढं सुद्धा नाही.

घरी येताना सिन्नरच्या आत्याबाईंना फोन केला, म्हणजे अण्णांच्या चुलत-चुलतबहीण, ८६ वय, कान तल्लख. नाव सांगितल्याबरोबर थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिनं दुसरं घर केलं होतं रे." पहिला नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, काही वर्षं माहेरी काढली, मग दुसरं घर केलं, आजोबांना पटलं नाही, त्यांनी तिचं नाव टाकलं. यापुढे त्यांनाही माहीत नाही. म्हणाल्या तुझ्या आजोबांसमोर तिचं नाव घ्यायची सोय नव्हती.


निफाडची_लेक | शनिवार, रात्री ८:०२

बापरे. आणि अण्णांनी कात्रण जपून ठेवलं.


मोडी_वाचक | शनिवार, रात्री ८:४५

आता गाव आहे. उद्या सकाळी नऊच्या आत गंगेवर जा, नंतर पक्षाची गर्दी. पुरोहित संघाच्या ऑफिसात आडनाव, गाव, तालुका सांगा, कुणाकडे आहे ते लगेच सांगतील. नोंद ६८ ची म्हणजे बहुतेक बालबोधच (देवनागरी) असेल, मोडी निघाली तर मला फोटो पाठवा. फोटो काढायच्या आधी विचारा, काहींना आवडत नाही.


रविवार_कारंजा | रविवार, दुपारी २:५०

जाऊन आलो.

गुरुजींचं घर रामकुंडापासून पाच मिनिटांवर, जिना चढून वर. माझ्याच वयाचे. गाव सांगितल्यावर आतून लाल फडक्यात बांधलेली लांबट वही घेऊन आले, पानं मधून शिवलेली, पंधरा मिनिटं सुद्धा लागली नाहीत. मी दोन शनिवार चुकीच्या वर्षात घालवले आणि यांनी चहा यायच्या आत काढलं.

नोंद बालबोधच. आडनाव, गाव, ता. चाळीसगाव. मग वडलांचं नाव, आजोबांचं नाव, भावाची मुलं. "आईच्या अस्थी घेऊन आलो, माघ व॥ १४ शके १८८९." खाली मुलाची सही. त्याच्याशेजारी वेगळ्या शाईत "सोबत मामेभाऊ, नाशिक" आणि त्याखाली अण्णांची सही.

अण्णांची सही मी हजार वेळा पाहिलीये, प्रगतिपुस्तकावर, बँकेच्या स्लिपवर. पहिल्या अक्षराची रेघ शेवटपर्यंत ओढायची आणि टोकाला खाली वळवायची. ती तेव्हापासूनच तशी. पंचवीस वर्षांचे असतील. प्रेसमधे नोकरीला लागून चार वर्षं झालेली. चाळीसगावची गाडी नाशिकरोडलाच उतरते, म्हणजे स्टेशनवर घ्यायला तेच गेले असणार. आजोबा तेव्हा वाड्यात होते, रामकुंडापासून चालत दहा मिनिटांवर.

गुरुजी म्हणाले, तुम्ही आलात तर तुमचीही नोंद करा. मी म्हटलं हे पान आमचं नाही. म्हणाले वडलांची सही आहे ना इथे. मग लिहिलं, मामेभावाचा मुलगा, पुढे बायकोचं, मुलाचं, मुलीचं नाव. मुलीचं लिहिताना त्यांनी काही म्हटलं नाही.


निफाडची_लेक | रविवार, दुपारी ३:३०

एक विचारू? माघ वद्य चतुर्दशी म्हणजे महाशिवरात्रीची तिथी ना?


रविवार_कारंजा | रविवार, दुपारी ४:१८

हो.

तुमचा प्रतिसाद वाचून आत जाऊन आईला विचारलं. अण्णा देवधर्मातले अजिबात नव्हते. घरातली पूजा आई करायची, सत्यनारायणाला सुद्धा ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. पण महाशिवरात्रीला पहाटे गंगेवर जायचे आणि कपालेश्वराला. दरवर्षी. आम्ही विचारलं की सांगायचे हे एकच देऊळ असं की शंकरासमोर नंदी नाही, मला ते आवडतं. ओल्या केसांनी परत यायचे. आई चिडायची, थंडीत कशाला बुडी मारता म्हणून. शेवटच्या दोन वर्षी गुडघे चालत नव्हते तर रिक्षा करून गेले.

आई आत्ता काही बोलली नाही. चहा टाकायला गेली.


जुना_खिळेजुळारी | रविवार, संध्याकाळी ५:००

ती जाहिरात माझ्या वेळची असती तर खिळे मीच जुळवले असते. चार वर्षं आधीची निघाली.


वकिलीणबाई | रविवार, रात्री ८:४०

त्या दोन मुलांपैकी कुणी हयात आहे का? गावात फोन करा की. ग्रामपंचायतीत विचारलंत तरी घर सांगतील.


रविवार_कारंजा | बुधवार, रात्री १०:०६

धाकटे आहेत. ८७ वय. गुरुजींकडे मागच्या वर्षी त्यांच्या पुतण्याची नोंद होती, त्यानं लिहिलेल्या पत्त्यावरून नंबर काढला. तीन दिवस नंबर खिशात घेऊन फिरलो, काय बोलायचं सुचत नव्हतं. आज लावला. सून होती, तिला मी सगळी पाल्हाळ लावली, नाशिकहून बोलतोय, असं असं कात्रण, वगैरे. ती म्हणाली थांबा. मग आतून म्हाताऱ्या माणसाचा आवाज, फोन तोंडापासून लांब धरलेला, ओरडून:

"प्रेसवाल्याचा मुलगा का रे तू? दोन वर्षं झाली, दिवाळीचं कार्ड का नाही आलं?"

पुढच्या रविवारी जातोय, आईला घेऊन. सकाळची कुठली गाडी बरी पडेल? ती मनमाडला गाडी बदलायला तयार नाही.


खानदेशी_ठेचा | बुधवार, रात्री १०:३०

बदलू नका, नाशिकरोडवरून थेट गाड्या आहेत, व्यक्तिगत निरोप करतो. येताना रिकाम्या हातानं सोडणार नाहीत ते लोक, एक मोठी पिशवी बरोबर ठेवा. मिसळीचं विसरलो नाहीये.